गोधडीची एक निराळी रीत

मराठी घरात मूल जन्मास आले की त्याच्या अंगाखाली जे पहिले अंथरले जाते ते बहुधा दुपटे असते. आणि दुपटे म्हणजे लहान गोधडीच होय. आजीच्या जुन्या लुगड्याचे, आईच्या विटलेल्या पातळाचे, वडिलांच्या झिजलेल्या धोतराचे पदर एकावर एक घालून त्यांवर धावदोरा घातला की दुपटे सिद्ध होते. बाजारात नवे कापड हवे तेवढे मिळत असताही बाळंतविड्यासाठी मुद्दाम जुनेच कापड हुडकले जाते, कारण शेकडो वेळा धुतल्याने मऊ झालेल्या सुताची सर कोऱ्या कापडास येत नाही. अशा रीतीने या जगातील आपला पहिला शेजार गोधडीचा असतो. परंतु आपण मोठे झालो की तीच गोधडी पाहुण्यांच्या दृष्टीस पडू नये म्हणून तिची घडी माळ्यावर जाते. ही वस्तू कशी होते हे स्वतःच्या हातांनी करून पाहावे, आणि जमल्यास तिची एखादी निराळी रीत शिकावी, या हेतूने आमच्या हस्तव्यवसायाच्या वर्गाने या वर्षी जो उद्योग आरंभिला, त्यातून मिळालेली माहिती आम्ही विद्यार्थिबंधुभगिनींपुढे व पालकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम आपल्या नेहमीच्या गोधडीविषयी दोन शब्द सांगणे इष्ट होईल. पुण्याकडे जिला गोधडी म्हणतात तिलाच सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत वाकळ म्हणतात. आणि कर्नाटकाच्या हद्दीकडे गेले की तिचेच नाव कौदी असे ऐकू येते. पुष्कळांचा घोंगडी व गोधडी यांत घोटाळा होतो. परंतु घोंगडी लोकरीची व मागावर विणलेली असते, तर गोधडी सुती कापडाची व सुईने शिवलेली असते. तिची रीत अशी: खाली एक सबंध लुगडे पसरावयाचे, त्यावर धोतरे, उपरणी, सदऱ्यांचे पाठभाग असे जे असेल ते सारखे लावावयाचे, आणि सर्वांत वर दुसरे सबंध लुगडे अथवा जोडून घेतलेल्या तुकड्यांचे कापड घालावयाचे. हे सर्व पदर मोठमोठ्या कच्च्या टाक्यांनी बांधून घेतल्यावर कडेकडेने धावदोरा घालीत चौकोनी फेऱ्यांनी आत आत यावयाचे. मोठी गोधडी असली म्हणजे अंगणात वा ओसरीवर चार बाजूंस चौघीजणी बसतात, आणि टाक्यांबरोबर गप्पाही चालतात. येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, सर्व थर आधी मांडले जातात आणि शिवण मागाहून येते.

आम्ही जी रीत शिकलो तीत हा क्रम बदलतो. तेथे ठिगळ मांडणे व शिवणे ही दोन्ही कामे बरोबरच चालतात. खाली अस्तर तेवढे सबंध असते. वरचे तुकडे मात्र शिवता शिवता, एकामागून एक, हाताला येतील तसे व डोळ्यांना रुचतील तसे ठेवले जातात. काम एका कोपऱ्यापासून सुरू होते, कडेने सबंध फेरा घालते, आणि गोगलगाईच्या शंखावरील रेषेप्रमाणे आत वळत वळत मध्यबिंदूशी संपते. या गोधडीस कवंदी असे म्हणतात, आणि ती करणाऱ्या स्त्रिया सिद्दी समाजाच्या आहेत.

सिद्दी हे नाव ऐकताच आपणांस मुरूडजवळचा जंजिरा आठवतो. इतिहासाच्या पुस्तकात सिद्दी म्हणजे समुद्रातील अभेद्य दुर्गाचे धनी. त्याचप्रमाणे अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्तबगार कारभारी मलिक अंबर हाही मूळचा आफ्रिकेतील हबसाण देशचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेल्या या पुरुषाने १६१० साली मराठवाड्यात खडकी हे नगर वसविले, तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. परंतु ज्यांची कवंदी आम्ही शिकलो ते सिद्दी किल्लेदारही नव्हते व वजीरही नव्हते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांच्या रानात राहणारे, शेती व मजुरी करून पोट भरणारे हे लोक आहेत. त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गोव्यात गुलाम म्हणून आणले होते, आणि तेथून निसटून त्यांनी सह्याद्रीच्या दाट अरण्याचा आश्रय घेतला, असे सांगितले जाते. त्यांच्यात हिंदू, ख्रिस्ती व मुसलमान असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. त्यांची घरची बोली कोंकणीच्या वळणाची असून तीत मराठी व कानडी शब्दांचा भरणा आहे. २००३ साली या जिल्ह्यातील सिद्दींची गणना अनुसूचित जमातींत करण्यात आली. हल्याळ हे गाव बेळगाव व धारवाड यांपासून फार लांब नाही. तेव्हा हे शेजारघरच होय, केवळ आपण त्याचे दार ठोठावले नव्हते एवढेच.

आता सामग्रीकडे वळू. आपल्या नगरात चिंध्यांची वाण नाही. रविवार पेठेतील कापडगंजापासून लक्ष्मी रस्त्यापर्यंत कापडाची दुकाने आहेत, आणि जेथे कापड आहे तेथे शिंपी आहेत, आणि जेथे शिंपी आहेत तेथे कातरणे आहेत. शिंप्याच्या पायाशी दिवसभरात जो ढीग साचतो तो सायंकाळी कचऱ्याच्या गाडीत जातो. आम्ही आमच्या घराजवळच्या शिंप्यांस विनंती करून अशी कातरणे मागून घेतली, आणि घरची जुनी लुगडी, परकर, सदरे त्यांत घातले. परंतु आले ते सगळे घ्यावयाचे असे नाही. येथे निवड करावी लागते. सुती कापड घाम शोषून घेते, सुईला सहज वाट देते व घडीला वश होते. पॉलिएस्टर, नायलॉन यांसारखी कृत्रिम धाग्यांची कापडे निसरडी असतात, दुमडलेली कड धरून ठेवीत नाहीत, आणि विस्तवाजवळ गेली तर वितळून अंगास चिकटतात. म्हणून लहान मुलांच्या पांघरुणात ती घालूच नयेत. कापड कोणते हे ओळखण्याची एक साधी परीक्षा आहे. कापडातून एक धागा उपसून, चिमट्यात धरून, घरातील वडील माणसांच्या देखत दिव्याच्या ज्योतीवर न्यावा. सुती धागा कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचाच वास येतो व मागे मऊ राख राहते. कृत्रिम धागा आक्रसून वितळतो व त्याच्या टोकाशी कठीण मणी तयार होतो.

कोऱ्या सुती कापडाचे तुकडे असतील तर ते आधी ऊन पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून घ्यावेत. कोरे कापड पहिल्या धुण्यात आटते. जुने कापड आधीच आटलेले असते. दोन्ही शेजारी शेजारी शिवली व मग धुतली, तर कोरा तुकडा आकसून जुन्यास ओढील व तेथे सुरकुत्या पडतील. शिवाय तांबड्या व निळ्या रंगाची कित्येक कापडे पाण्यात रंग सोडतात. तो दोष आधीच धुण्याने उघडकीस येतो. झिजून जाळी पडलेले कापड वरच्या बाजूस घेऊ नये. ते आतल्या थरास चालते. धुतलेल्या तुकड्यांना इस्त्री करावी व त्यांचे मोठे, मध्यम व लहान असे तीन ढीग करावेत. वीतभर लांबीरुंदीचे तुकडे कामास सर्वांत सोयीचे.

साधने अगदी थोडी लागतात: मोठ्या नेढ्याची बळकट सुई, जाड सुती दोरा, कात्री, टाचण्या, मोजपट्टी व मधल्या बोटात घालावयाचे अंगुस्तान. अंगुस्तानाचा पहिल्या दिवशी कंटाळा येतो, आणि तिसऱ्या दिवशी ते नसेल तर बोट टोचून हैराण होते. दोरा हातभर-दीड हातभरच ओवावा. त्याहून लांब घेतला तर तो गुंततो, आणि कापडातून पुन्हा पुन्हा जाऊन विरतोही.

आता प्रत्यक्ष रीत सांगतो. तयार दुपटे प्रत्येक बाजूस ३६ इंच व्हावयाचे असेल, तर अस्तराचे कापड ३७ इंचांचे कापावे, म्हणजे चारही बाजूंस अर्धा अर्धा इंच दुमडण्यास राहतो. मधला थर, जुन्या धोतराचा वा मऊ परकराचा, ३६ इंचांचा असावा. अस्तर जमिनीवर उलटे पसरावे, त्यावर मधला थर घालावा, आणि हे दोन्ही मध्यभागी मोठ्या कच्च्या टाक्यांनी बांधावेत. मग अस्तराची कड अर्धा इंच मधल्या थरावर दुमडावी.

पहिले ठिगळ कोपऱ्यावर बसते. त्याच्या दोन लगतच्या कडा अर्धा इंच आत दुमडाव्यात, आणि या दुमडी अस्तराच्या दुमडीशी अगदी काठाला काठ लावून बसवाव्यात. येथून काठापासून पाव इंच अंतर राखून धावदोरा सुरू करावा. सुई सर्व थरांतून आरपार गेली पाहिजे. ती गेली की नाही हे डाव्या हाताच्या बोटास खालून कळते. सुरुवातीची गाठ थरांच्या मध्ये दडवावी. पहिल्या ठिगळाचा शेवट जवळ आला की दुसरे घ्यावे: त्याची बाहेरची कड अस्तराच्या काठाशी दुमडावी, आणि त्याची पहिल्याकडील कड दुमडून पहिल्याच्या उघड्या कडेवर अर्धा इंच चढवावी. याप्रमाणे ठिगळामागून ठिगळ लावीत, कोपऱ्यावर कापड फिरवून घेत, सबंध फेरा पुरा करावा. हा पहिला फेरा झाला की गोधडीच्या चारही कडा आपोआपच बंद होतात. मागाहून काठपट्टी लावण्याचे कारणच उरत नाही.

पहिल्या फेऱ्याच्या टोकाशी आल्यावर दोरा तोडू नये. अर्धा इंच आत सरकून तसेच पुढे जावे. दुसरा, तिसरा, चौथा असे फेरे होत जातात, आणि बाहेरच्या ठिगळांच्या आतल्या कडा जवळ येतात. त्या अर्ध्या इंचावर आल्या की नवे ठिगळ, कड दुमडून, त्यांवर चढवावे. अशा तऱ्हेने रिकामी जागा चोहोबाजूंनी आक्रसत जाते. शेवटी मध्यभागी हाताच्या तळव्याएवढी खिडकी राहते. तीवर चारही बाजूंनी दुमडलेले शेवटचे ठिगळ बसवून फेरे आत आत न्यावेत, मध्याशी गाठ घालून ती थरांत ओढून घ्यावी, आणि कच्चे टाके काढून टाकावेत.

या रीतीत एक खुबी आहे, ती नीट समजून घेण्यासारखी आहे. नेहमीच्या गोधडीत वरचे कापड सबंध असते. प्रत्येक फेऱ्याबरोबर धावदोरा ते किंचित आत ढकलतो. ही ढील फेऱ्याफेऱ्याला साचत जाते, आणि मध्याशी पोचेपर्यंत तेथे फुगा येतो. म्हणून जाणत्या बाया दर फेऱ्यास तळहाताने कापड सारखे करतात, आणि हे कसब वर्षांच्या सरावाने येते. कवंदीत वरचे कापड सबंध नसतेच. प्रत्येक ठिगळ नव्याने, त्या क्षणी जेवढी जागा आहे तेवढ्यावर, सपाट बसते. त्यामुळे ढील साचावयास वावच मिळत नाही. सांभाळावयाचे राहते ते अस्तर व मधला थर. त्यांस मध्याचे कच्चे टाके धरून ठेवतात. दोरा मात्र आवळून ओढू नये. एक ओवणी संपली की कापड दोन्ही हातांनी हलकेच ताणावे, म्हणजे दोरा लागेल तेवढा सैल होतो. याच कारणाने ही रीत नवशिक्यांना मानवते. शिवाय वाकडेतिकडे, लहानमोठे तुकडेही तीत चालतात, कारण त्यांची मापे आधी जुळवावयाची नसतात.

कवंदीच्या चारही कोपऱ्यांवर सिद्दी स्त्रिया कापडाच्या घड्यांची लहान त्रिकोणी चिमटी शिवतात. तीस त्या ‘फूल’ म्हणतात. शब्द आपलाच आहे. फुलांवाचून कवंदी उघडी दिसते, अशी त्यांची समजूत आहे. काही ख्रिस्ती घरांतील कवंद्यांवर ठिगळांचा क्रूस, तर काही मुसलमान घरांतील कवंद्यांवर चंद्रकोर आढळते. पण कोपऱ्यांवरचे फूल कोणा एका धर्माचे नाही.

या फुलांवरून आमच्या वर्गात एक प्रश्न उपस्थित झाला, तो सांगण्याजोगा आहे. आमच्यापैकी एका मुलीच्या घरी तिच्या दिवंगत आजीचे एक इरकली लुगडे पेटीत जपून ठेवलेले होते. घडीवर ते उसवू लागले होते आणि एका पदरास कसर लागली होती. ते कापावे की तसेच ठेवावे? घरात दोन मते पडली. आत्याबाई म्हणाल्या, आईच्या लुगड्याला कात्री लावावयाची नाही. वडिलांचे म्हणणे असे की, तिने स्वतः जन्मभर कोणाचे ना कोणाचे जुने कापड कापून आम्हांस दुपटी केली. तिच्या लुगड्याने पेटीत कुजावे हे तिलाच आवडले नसते. आठ दिवस हा वाद चालला. अखेर असे ठरले की, जो भाग धड आहे तो तसाच ठेवावा, आणि उसवलेल्या भागातून काठाचे चार तुकडे घेऊन चार कोपऱ्यांची फुले करावीत. कात्री आत्याबाईंनीच चालविली. ते दुपटे आता त्यांच्याच नातवाच्या अंगाखाली आहे. जपणे म्हणजे काय, याचा उलगडा पुस्तकापेक्षा त्या आठ दिवसांत आम्हांस अधिक झाला.

आता थोडे गणित. गोधडीत एकंदर किती लांबीची शिवण पडते? फेरे आत जाताना लहान लहान होत जातात, म्हणून प्रथमदर्शनी हिशेब अवघड वाटतो. परंतु युक्ती सोपी आहे. प्रत्येक ओळ आपल्या भोवतालचा अर्धा इंच रुंदीचा पट्टा व्यापते, आणि असे पट्टे मिळून सबंध कापड व्यापले जाते. यास्तव शिवणीची लांबी म्हणजे क्षेत्रफळ भागिले दोन ओळींमधील अंतर. आमचे दुपटे ३६ गुणिले ३६, म्हणजे १,२९६ चौरस इंच. त्यास अर्ध्याने भागले की २,५९२ इंच, म्हणजे ७२ वार शिवण. एका इंचात चार टाके धरले तर टाक्यांची संख्या १०,३६८ होते. आम्ही नवशिके मिनिटास दोन इंचांप्रमाणे शिवतो. म्हणजे एका दुपट्यास सुमारे साडेएकवीस तास लागतात. आता थोरांच्या पांघरुणाचा हिशेब पाहा: ५ फूट रुंद व ७ फूट लांब गोधडीचे क्षेत्रफळ ५,०४० चौरस इंच, शिवण २८० वार, आणि टाके चाळीस हजारांहून अधिक! एखादी कसबी बाई आमच्या दुप्पट वेगाने शिवते असे मानले, तरी तिला बेचाळीस तास सुई चालवावी लागेल.

इतके श्रम घेऊन जे मिळते ते ऊबदार का असते? पुष्कळांना वाटते की कापडच ऊब देते. वस्तुतः ऊब आपल्या शरीराची असते; पांघरूण ती बाहेर जाऊ देत नाही एवढेच. वायू हा उष्णतेचा मंद वाहक आहे. परंतु तो हलता राहिला तर उष्णता वाहून नेतो. गोधडीच्या थराथरांमध्ये व सुताच्या तंतूंमध्ये जो वायू अडकून राहतो तो हलू शकत नाही, आणि धावदोऱ्याच्या ओळी थरांस जागच्या जागी धरून ती लहान लहान कोठारे कायम ठेवतात. म्हणूनच एका जाड कापडापेक्षा तेवढ्याच वजनाचे अनेक पातळ थर अधिक उपयोगी पडतात. पौष-माघात पुण्यातील पहाटेचा पारा कित्येकदा दहा अंशांच्या खाली उतरतो. अशा पहाटे तीन-चार पदरी गोधडीची किंमत कळते. वर्षातून दोन-तीन वेळा ती धुऊन कडक उन्हात घातली की तिच्यात दमट वास राहत नाही.

चिंध्यांतून पांघरूण करण्याची ही विद्या आपल्याच प्रांताची मिरास आहे असे मात्र कोणी समजू नये. बंगालात जुन्या साड्यांचे थर घालून कांथा शिवतात, आणि साडीच्या काठातून उपसलेल्या रंगीत धाग्यांनी तिजवर कमळे, हत्ती, मासे काढीत असत. बिहारात सुजनी आहे. सिंध, कच्छ व राजस्थान या बाजूस रल्ली आहे. जपानच्या थंड उत्तर भागात कापूस पिकत नसे. तेथील शेतकरी निळीत रंगविलेल्या चिंध्या धावदोऱ्याने जोडून पिढ्यान्‌पिढ्या तीच वस्त्रे वापरीत. अमेरिकेतील अलाबामा संस्थानात नदीच्या एका वळणावर गीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या लोकांच्या वंशजांची ही वस्ती. तेथील स्त्रियांनी शेतावर झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या केल्या. २००२ साली त्या गोधड्या ह्यूस्टन व न्यूयॉर्क येथील कलासंग्रहालयांत भिंतीवर मांडण्यात आल्या, आणि २००६ साली त्यांची चित्रे अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर झळकली. हल्याळच्या रानातील कवंदी व अलाबामातील गोधडी यांत साम्य दिसते खरे. पण तेवढ्यावरून एकीपासून दुसरी निघाली असे म्हणता येत नाही. जेथे थंडी आहे, कापड दुर्मिळ आहे आणि आईला लेकराची काळजी आहे, तेथे सुई आपला मार्ग आपण शोधते.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. वर्गात आरंभी काही मुलगे म्हणाले की, सुई हे बायकांचे काम. त्यांस इतकेच विचारावेसे वाटते की, ज्यांची नाममुद्रा महाराष्ट्राच्या हृदयावर उमटली ते संत नामदेव कोणाच्या कुळात जन्मले? शिंप्याच्याच ना? पूर्वी गलबतांची फाटलेली शिडे भर समुद्रात कोण शिवीत? खलाशीच ना? अखेरीस त्या मुलांपैकी दोघांचे टाके सबंध वर्गात सर्वांत सारखे ठरले, आणि तो आक्षेप पुन्हा कोणी काढला नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ठिगळ म्हणजे दारिद्र्याची खूण, ती मुलांस कशाला शिकवावी, असे एका पालकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. ज्याला नाइलाजाने ठिगळ लावावे लागते त्याच्या हालांचे कौतुक करणे शोभत नाही. परंतु आपल्या महाराष्ट्रात श्रीगाडगेबाबांसारखा (१८७६–१९५६) पुरुष होऊन गेला, जो ठिगळांचे वस्त्र पांघरून गावोगाव झाडू मारीत हिंडला, आणि लोक त्यास गोधडेबाबा असेही म्हणत. त्याने चिंधीची लाज धरली नाही, घाणीची व अज्ञानाची धरली. तसेच याच पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने सेवासदन स्थापन झाले. तेथे पुस्तकी शिक्षणाच्या बरोबरीने शिवणकामही शिकविले जाई, आणि कित्येक निराधार स्त्रियांस त्याचा आधार झाला. तेव्हा सुईचे शिक्षण कमी प्रतीचे मानण्याची आपल्या नगराची परंपरा नाही.

मग या उद्योगातून आम्ही काय कमावले? सहा दुपटी झाली, हे उघड आहे. परंतु त्याहून मोठी गोष्ट त्या गणितात आहे. आपल्या पेठांतून व उपनगरांतून गोधड्या शिवून देणाऱ्या बाया फिरताना आपण पाहतो. दाराशी त्या मजुरी सांगतात, आणि घरातून उत्तर येते, ‘जुन्या कापडाला एवढे पैसे?’ कापड आपलेच असते हे खरे. पण चाळीस हजार टाके त्यांचे असतात. बेचाळीस तासांचे काम, भर उन्हात रस्त्याच्या कडेला बसून, कंबर मोडेपर्यंत वाकून केलेले असते. ज्याने स्वतः एक दुपटे पुरे केले आहे त्याच्या तोंडून ते उत्तर पुन्हा निघणार नाही. आमच्यापैकी दोन घरांत या वर्षी अशी गोधडी शिवून घेतली गेली. मजुरीचा आकडा ठरविताना मुलांनी वहीत क्षेत्रफळ मांडून दाखविले, आणि वडील मंडळींनी घासाघीस न करता ती दिली. प्रदर्शनात मिळालेल्या शाबासकीपेक्षा ही गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते.

ज्या वाचकांस ही रीत करून पाहावीशी वाटेल त्यांनी एकदम मोठी उडी घेऊ नये. प्रथम एक फूट चौरसाचे आसन करावे. त्यात १४४ चौरस इंच क्षेत्रफळ, आठ वार शिवण व सुमारे साडेअकराशे टाके असतात. रोज अर्धा तास दिला तर पाच दिवसांत ते पुरे होते. अस्तर १३ इंचांचे कापावे, आठ-दहा ठिगळे निवडावीत, आणि पहिला टाका कोपऱ्यावर घालावा. घरात आजी असेल तर तिला जवळ बसवून घ्यावे. तिची रीत आमच्या रीतीहून निराळी निघाली, तर तीही शिकून ठेवावी.